‘शंभर टक्के अचूक’ विकणाऱ्याला खुले पत्र

महाशय,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या दुकानाला पाटी नाही, पत्ता नाही, आणि पाकिटावर छापलेला मोबाइल नंबर पैसे पोचल्यानंतर कोणी उचलत नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. एचआयव्हीची घरगुती तपासणी करण्याचं किट तुम्ही ऑनलाइन विकता आणि जाहिरातीत म्हणता : घरबसल्या, दहा मिनिटांत, शंभर टक्के अचूक, कोणालाही कळणार नाही. यातलं ‘शंभर टक्के’ हे धादांत खोटं आहे. जगातल्या कुठल्याही एचआयव्ही चाचणीचा प्रामाणिक उत्पादक हे दोन शब्द स्वतःच्या डब्यावर छापत नाही. तुम्ही छापता, कारण तुमचं गिऱ्हाईक घाबरलेलं असतं आणि घाबरलेल्या माणसाला नेमके हेच दोन शब्द हवे असतात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, समुपदेशक म्हणून काम करते. तुमचा माल शेवटी माझ्या टेबलावर येतो. रुमालात गुंडाळलेली ती पांढरी प्लॅस्टिकची पट्टी किंवा मोबाइलवर काढलेला तिचा फोटो, मोठा करून करून धूसर झालेला. समोर बसलेला मुलगा विचारतो, “मॅडम, ही दुसरी रेघ आहे की नुसती सावली?” पट्टी कधी वापरली म्हणून विचारलं की कळतं, रात्री वापरली आणि सकाळी पुन्हा बघितली. वाचायची ठरावीक वेळ उलटून गेल्यावर रक्त आणि द्रावण सुकताना फिकट रेघ उमटू शकते आणि तिला काही अर्थ नसतो. हे एक वाक्य मराठीत छापायला तुम्हाला किती खर्च आला असता? त्या मुलाने सबंध रात्र जागून काढली. आईला काय सांगायचं, ठरलेलं लग्न मोडायचं कसं, इथपर्यंत त्याचे विचार पोचले होते.

घरच्या घरी तपासणी करण्याला माझा विरोध आहे, असं म्हणून तुम्ही सुटू पाहाल. तसं मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये एचआयव्हीच्या स्वयंचाचणीची शिफारस केली आणि ती योग्यच होती. जो माणूस रुग्णालयाची पायरी कधी चढणार नाही, तो निदान घरात तरी तपासणी करील, हा त्यामागचा विचार आहे. अनेक देशांत त्यामुळे लोक उपचारांपर्यंत पोचले. मात्र तिथे हे कसं झालं तेही बघा. ब्रिटनमध्ये अशी किटं थेट लोकांना विकण्यावर 1992 पासून बंदी होती. ती 2014 मध्ये उठली, आणि नियमांत बसणारं पहिलं किट बाजारात यायला त्यानंतर आणखी वर्ष गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हिरड्यांवरून फिरवायच्या पट्टीचं घरगुती किट जुलै 2012 मध्ये मंजूर केलं, तेव्हा त्याची उणीवही त्याच दिवशी जाहीर केली. लोकांनी स्वतःच्या हाताने वापरल्यावर ते किट लागण झालेल्या सुमारे 92 टक्के लोकांना पकडतं. म्हणजे लागण झालेल्या दर बारा जणांमागे एकाला ते चुकीने ‘नाही’ सांगू शकतं. तीच चाचणी प्रशिक्षित हातांत 99 टक्क्यांहून जास्त लोकांना पकडते. फरक कुठून येतो? पट्टी हिरडीवर नीट फिरली नाही, बाटलीत नीट बुडवली नाही, घड्याळ बघितलं नाही, यातून. आणि त्या किटसोबत दिवसरात्र चालणारा मदतीचा फोन होता, पलीकडे माणूस होता.

‘बारातला एक निसटू शकतो’ असं उघड सांगूनही तो माल विकला गेला. तुम्हाला मात्र खरं सांगितलं तर धंदा बसेल अशी भीती वाटते.

तुमची जात नवीन नाही. 1999 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इंटरनेटवर विकली जाणारी एचआयव्हीची घरगुती किटं मागवून तपासली. लागण असल्याची खात्री असलेला नमुना त्यांवर टाकला, तर किटांनी ‘निगेटिव्ह’ दाखवलं. एका किटाने नव्हे, तपासलेल्या प्रत्येक किटाने. त्या काळी इंटरनेट थोड्यांच्या घरी होतं. आज प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तुम्हीही त्याच्याबरोबर खिशात शिरला आहात.

आता तुमच्या पाकिटाबद्दल. भारतात 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार एचआयव्ही शोधणारी किटं ‘ड’ वर्गात, म्हणजे सर्वाधिक जोखमीच्या वर्गात मोडतात, आणि त्यांचा परवाना केंद्रीय प्राधिकरणाकडून घ्यावा लागतो. सर्वाधिक जोखीम का, तर चुकलेल्या उत्तराची किंमत माणूस आयुष्यभर मोजतो. तुमच्या कित्येक डब्यांवर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं की हे किट केवळ प्रशिक्षित व्यावसायिकांनी वापरावं. म्हणजे ज्याने बनवलं त्याने प्रयोगशाळेसाठी बनवलं, आणि तुम्ही ते वसतिगृहात राहणाऱ्या पोराला विकलंत. अशा किटवर सहसा 30 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ठेवण्याची सूचना असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर चढतो. त्या उन्हात कुरिअरच्या गोदामात, टेम्पोत, डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरच्या पिशवीत ते पाकीट किती तास भाजून निघालं, याचा हिशोब तुमच्याकडे आहे? पट्टीवर बसवलेली प्रथिनं उष्णतेने बिघडतात. बिघडलेली पट्टी ओरडून सांगत नाही, ती गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यालाच लोक ‘निगेटिव्ह’ म्हणतात.

‘सी’ची, म्हणजे कंट्रोलची, रेघ उमटली म्हणजे चाचणी बरोबर झाली, असं तुमच्या व्हिडिओतला माणूस छातीठोकपणे सांगतो. बऱ्याच स्वस्त पट्ट्यांमध्ये ती रेघ एवढंच सांगते की द्रव पट्टीभर नीट वाहत गेला. रक्त पुरेसं पडलं का, हे ती सांगेलच असं नाही. घाबरलेल्या माणसाचं बोट थंड पडलेलं असतं. सुई धड टोचली जात नाही, रक्ताचा अर्धा थेंब येतो, त्यावर तो द्रावण ओततो, ‘सी’ची रेघ येते आणि तो सुटकेचा श्वास टाकतो. काही पाकिटांत तर द्रावणाची बाटलीच नसते. मग कोणी सलाइनचं पाणी वापरतं, कोणी साधं पाणी. हे मी ऐकीव सांगत नाही, वापरणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे.

यापेक्षा मोठा गुन्हा तुमच्या हातून होतो तो काळाच्या बाबतीत. एचआयव्ही शरीरात शिरला की चाचणीला तो लगेच सापडत नाही. तुमची पट्टी विषाणू शोधतच नाही. ती शोधते शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं, आणि ती बनायला दिवस लागतात. या मधल्या काळाला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. बोटाच्या रक्तावर प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीला लागण ओळखायला साधारण 23 ते 90 दिवस लागतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत प्रतिजन आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणाऱ्या चाचणीला 18 ते 45 दिवस, आणि थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीला 10 ते 33 दिवस. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन ‘उगवलं नाही, बी खोटं’ म्हणणाऱ्याला कोणताही शेतकरी वेड्यात काढील. तुम्ही तेच विकता. ‘संबंधानंतर लगेच खात्री करा’ अशी जाहिरात मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहे.

या एका ‘लगेच’ने काय होतं ते नीट ऐका. समजा एका मुलाचा शनिवारी रात्री असुरक्षित संबंध आला. रविवारी तो घाबरतो. घाबरणं चूक नाही, त्याच घाबरण्यातून तो कुठल्याही डॉक्टरकडे गेला असता तर 72 तासांच्या आत त्याला पेप सुरू करता आलं असतं. पेप म्हणजे संसर्गाच्या शक्यतेनंतर प्रतिबंध म्हणून 28 दिवस घ्यायची औषधं. जितक्या लवकर सुरू होतील तितकी उपयोगी. 72 तास उलटले की संधी गेली. पण त्याने रविवारी तुमचं किट मागवलं. बुधवारी किंवा गुरुवारी पाकीट आलं. तपासलं, एकच रेघ. तो आनंदाने झोपला. औषधाची वेळ संपली होती आणि चाचणीची वेळ अजून आली नव्हती. शनिवारची लागण त्या दिवशी त्या पट्टीवर दिसण्याचा संभवच नव्हता. लागण झालेली असेल तर पुढच्या काही आठवड्यांत त्याच्या रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण सर्वांत जास्त असतं, इतरांना लागण करण्याचा धोकाही तेव्हाच सर्वांत जास्त असतो, आणि नेमक्या त्या आठवड्यांत त्याच्या खिशात तुमचं ‘निगेटिव्ह’ असतं. महाशय, त्या पट्टीने त्याला काहीही सांगितलं नव्हतं. जे सांगितलं ते तुमच्या जाहिरातीने सांगितलं.

आणखी एक गोष्ट पाकिटावर नसते. कोणी पेपच्या किंवा संसर्ग टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या गोळ्या घेत असेल, किंवा एचआयव्हीवरचे उपचार घेत असेल, तर अशा पट्टीचं उत्तर फसवं येऊ शकतं. उपचार घेणाऱ्या एखाद्याने ‘बघू तरी’ म्हणून पट्टी वापरावी, रेघ येऊ नये, ‘बरा झालो’ समजून त्याने गोळ्या बंद कराव्यात, यासारखं दुसरं संकट नाही. गोळ्या बंद झाल्या की विषाणू पुन्हा वाढतो. हेही एका वाक्यात छापता आलं असतं.

आता उलट बाजू. दोन रेघा आल्या तर? तुमच्या माहितीपत्रात लिहिलेलं असतं ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’. आमच्या केंद्रात हा शब्द एका चाचणीवर कोणी उच्चारत नाही. पहिली चाचणी ‘रिअॅक्टिव्ह’ आली तर वेगळ्या बनावटीची दुसरी करतात, मग तिसरी. तिन्ही जुळल्या तरच अहवालावर पॉझिटिव्ह लिहिलं जातं. जुळल्या नाहीत तर निकाल अनिर्णित ठेवून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. हा सरकारी वेळकाढूपणा नाही, हे साधं गणित आहे, आणि तुम्हाला नफ्याचं गणित येतं म्हणजे हेही येईल.

भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. दहा हजार जणांनी किट वापरलं असं धरू. त्यांत वीस जणांना खरोखर लागण असेल आणि 9,980 जणांना नसेल. किट चांगलं आहे आणि लागण नसलेल्यांपैकी 99.5 टक्क्यांना ते बरोबर ‘नाही’ सांगतं असंही मानू. उरलेला अर्धा टक्का म्हणजे जवळपास पन्नास माणसं. म्हणजे दोन रेघा सत्तर जणांना दिसतील आणि त्यांतल्या पन्नास जणांना एचआयव्ही नसेलच. किट मागवणाऱ्यांत जोखीम घेतलेले लोक जास्त असतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे वेगळे येतील हे मला कळतं. तरीही खोट्या दोन रेघा बघणारी ती पन्नास माणसं कुठे तरी असतातच. वेगळ्या बनावटीची दुसरी चाचणी केली की त्यांतला जेमतेम एखादा उरतो, तिसरी केली की तोही सुटतो. तुम्ही त्यांना दुसरी चाचणी सांगत नाही, तिसरी सांगत नाही, कुठे जायचं तेही सांगत नाही. रात्री दीड वाजता बाथरूमच्या दिव्याखाली दोन रेघा बघणाऱ्या माणसाला तुम्ही एकटं सोडून देता. त्या क्षणी काही माणसं विहिरीकडे, पंख्याकडे, कीटकनाशकाच्या डब्याकडे बघतात. हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे, पण तुम्हाला हे वाचायलाच हवं.

खऱ्या पॉझिटिव्ह निकालानंतरही आज मरणाची भाषा करण्याचं कारण उरलेलं नाही, हे त्याला त्या क्षणी कोणी सांगायचं? 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातली पहिली लागण शोधली, तेव्हा डॉक्टरांच्या हाती द्यायला औषध नव्हतं. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत मिळते. 2017 पासून लागण कळताच उपचार सुरू होतात, सीडी-4 पेशी अमुक इतक्या कमी होण्याची वाट बघावी लागत नाही. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हजारो जोडप्यांच्या अभ्यासांतून हे पक्कं झालेलं आहे. माझ्याकडे येणाऱ्यांची लग्नं झाली आहेत, त्यांना निरोगी मुलं आहेत, ते शेती करतात, रिक्षा चालवतात, शाळेत शिकवतात. तुमच्या पाकिटात हे सांगणारी चिठ्ठीही नसते.

आणि मग येते तुमची खरी कमाई. ज्याला किट निगेटिव्ह आलं पण मन शांत झालं नाही, तो पुन्हा मागवतो. ‘तीनचा संच, सवलतीत’ ही योजना तुम्ही कोणाला डोळ्यांसमोर ठेवून काढलीत? पहिल्या पट्टीवर विश्वास बसत नाही म्हणून दुसरी. घसा दुखला, तिसरी. अंगावर पुरळ उठलं, चौथी. रात्रभर मोबाइलवर लक्षणं वाचायची आणि सकाळी पट्टी. अशी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना विषाणू नसतो, पण झोप उडालेली असते, नोकरीत लक्ष नसतं, बायकोच्या जवळ जायची भीती बसलेली असते. त्यांतल्या कित्येकांचा मुळात धोका शून्य असतो. सलूनमध्ये कापलं, एका ताटात जेवलो, चुंबन घेतलं, डास चावला. एकाने तर तुमच्या हिरड्यांच्या पट्टीवरून निष्कर्ष काढला की लाळेतून एचआयव्ही पसरतो, नाही तर लाळेवर चाचणी कशी होते? त्याला समजावलं की ती पट्टी हिरडीतून पाझरणारी प्रतिपिंडं शोधते, लाळेतून लागण होत नाही. दहा मिनिटांत त्याचा चेहरा मोकळा झाला. तुमच्या तीन संचांनी जे झालं नाही ते दहा मिनिटांच्या बोलण्याने झालं, कारण त्याला हवा होता तो धोका खरा किती हे सांगणारा माणूस.

शंका वाढली की विक्री वाढते. खात्री देणारी माहिती दिली तर विक्री थांबते. तुम्ही माहिती का देत नाही, याचं यापलीकडे दुसरं कारण मला दिसत नाही.

‘कोणालाही कळणार नाही’ या तुमच्या चौथ्या वाक्याची दुसरी बाजूही आहे. होणाऱ्या जावयाची गुपचूप तपासणी करता येईल का, कामाला ठेवायच्या बाईची करता येईल का, हे विचारणारे लोक मला भेटलेले आहेत, आणि किट हातात आल्यापासून ते विचारायचं बंद होऊन थेट करायचंच सुरू होईल अशी मला धास्ती आहे. आपल्याकडे यासाठी कायदा आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम 2017, जो 10 सप्टेंबर 2018 पासून अंमलात आला. ज्याची चाचणी करायची त्याची माहितीपूर्ण संमती त्यात बंधनकारक आहे, आणि त्या संमतीत चाचणीपूर्वीचं आणि नंतरचं समुपदेशन अंतर्भूत आहे. नोकरी देण्याची अट म्हणून कोणी ही चाचणी मागू शकत नाही. समुपदेशन हा शब्द संसदेने शोभेसाठी घातलेला नाही. या रोगाची पहिली वीस वर्षं ज्यांनी बघितली, गावाने वाळीत टाकलेल्या विधवा बघितल्या, शाळेतून काढलेली पोरं बघितली, त्यांनी तो शब्द लढून कायद्यात घातला.

तुमचा धंदा का चालतो याची जबाबदारी एकट्या तुमची नाही, तेवढं मी कबूल करते. आमच्या केंद्राच्या दारावरची ठळक पाटी, समोरच्या बाकावर बसलेला गावचा ओळखीचा माणूस, केसपेपर काढताना खिडकीतून मोठ्याने विचारणारा कर्मचारी, दुपारनंतर बंद होणारी वेळ, या सगळ्यामुळे माणूस दारातून परत जातो. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशात सर्वांत जास्त आहे, आणि इथेच माणसाला तपासणीला यायची लाज वाटावी हे आपल्या सर्वांचं अपयश आहे. संध्याकाळची केंद्रं हवीत, पाटीवर केवळ खोली क्रमांक हवा, खिडकीवरच्या माणसाला प्रशिक्षण हवं. प्रमाणित, परवानाधारक स्वयंचाचणी किट सरकारने स्वतःच्या देखरेखीखाली, फोनवरच्या समुपदेशनासह लोकांपर्यंत पोचवावं, असंही माझं स्पष्ट मत आहे. तसं झालं तर तुमची गरज कोणाला उरणार नाही. तोवर त्या लाजेवर तुम्ही जे पैसे कमावता ते मात्र तुमचंच पाप आहे. रांगेची लाज आम्ही निर्माण केली असेल, पाकिटावरचं खोटं तुम्ही लिहिलंत.

तेव्हा हे करा. ‘शंभर टक्के’ खोडा. परवान्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापा, आणि परवाना नसेल तर विक्री आजच बंद करा. मराठीत लिहा की धोक्याच्या प्रसंगानंतर नव्वद दिवस होईपर्यंत निगेटिव्ह निकालावर विसंबू नका. लिहा की दोन रेघा म्हणजे निदान नव्हे, केंद्रात जाऊन पुढच्या चाचण्या करा. लिहा की प्रसंग 72 तासांच्या आतला असेल तर हे पाकीट बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. हे छापल्यावर तुमचा खप निम्म्यावर आला, तर समजा की तो निम्मा खप मुळातच फसवणुकीचा होता.

आणि ज्यांनी हे किट आधीच मागवलं आहे त्यांच्याशी दोन शब्द. प्रसंगाला तीन दिवस झाले नसतील तर किटची वाट बघू नका, आज, आत्ता, जवळच्या सरकारी रुग्णालयात जा आणि पेपबद्दल विचारा. तीन दिवस उलटून गेले असतील तर नव्वद दिवसांच्या आत पट्टीवर दिसणाऱ्या एका रेघेला सुटका समजू नका आणि दोन रेघांना शिक्षा समजू नका. तोवर कंडोम वापरा, रक्तदान करू नका. नव्वद दिवसांनी केंद्रात केलेली चाचणी निगेटिव्ह आली आणि मध्ये नवा धोका घडलेला नसेल, तर तो निकाल अंतिम आहे. पुन्हा पुन्हा तपासू नका, त्या निकालावर विश्वास ठेवा. एवढं कळूनही भीती जात नसेल तर ती भीती घेऊनच आमच्याकडे या. भीतीवरही उपचार असतात आणि त्यासाठी कोणी तुम्हाला हसणार नाही. आयसीटीसीत चाचणी मोफत होते, निकाल कायद्याने गोपनीय असतो, आणि तो तुमच्या हातात देताना समोर एक माणूस बसलेला असतो. घराबाहेर पडण्याआधी कोणाशी तरी बोलावंसं वाटत असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या 1097 या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

— जिल्हा रुग्णालयातील एक समुपदेशक